देवळालीचें 'डिओलाली' करणारे

कोणत्या इंग्रजी शब्दाच्या कोणत्या अवयवावर आघात द्यावा, याविषयीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत जी दक्षता दिसते, तिचा शतांशहि स्वतःच्या गांवांच्या नांवांविषयीं दिसत नाहीं. 'डुलॅली' हा विरळा इंग्रजी शब्द घ्या. अर्थ, डोकें फिरलेला. त्यांतील 'लॅ'वर जोर दिला पाहिजे असें मुलाला बजावणारे वडील, ज्या नाशिकजवळच्या देवळालीवरून तो शब्द निघाला तिला मात्र खुशाल 'डिओलाली' म्हणतात!

देवळाली लिहितांना अक्षरें चार. पण बोलतांना 'व'मधील अकार लोपून अवयव तीनच : देव्, ळा, ली. इंग्रजींतहि तीनच : डू, लॅ, ली. संख्या राहिली, ऐवज गेला. मराठी कानाला त्या नांवांत ऐकूं येणारें देऊळ पडलें आणि 'ळ' बुडाला. सोजिराला 'ळ' उच्चारतां येत नव्हता. त्याला आम्ही दोष देत नाहीं.

त्याची हकीकत तर करुणच आहे. 1861 मध्यें देवळालीस छावणी झाली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तेथें विलायतेच्या जहाजाची वाट पाहत. आणि जहाजें सुटत तीं साधारणतः नोव्हेंबर ते मार्च. हंगाम चुकला कीं महिनेच्या महिने काम नाहीं, घर नाहीं, वर उन्हाळा. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायानें 1936 च्या आपल्या पुस्तकांत या अवस्थेचें वर्णन केलें आहे. तिचें पुरें नांव 'डुलॅली टॅप'. हा 'टॅप' म्हणजे फारसी-हिंदुस्थानी 'तप', आपल्या 'तापा'चाच भाऊबंद. रोग विलंबाचा, नांव मात्र बिचाऱ्या गांवाला चिकटलें.

यावर कोणी म्हणेल, आपणहि 'लॉर्ड'चा 'लाट' आणि 'जनरल'चा 'जर्नेल' केलाच ना? केला, आणि झकास केला. पण म्हणून कोणी इंग्रज आपल्या लॉर्डाला 'लाट' म्हणूं लागला काय? परक्यानें मोडलेली आपलीच वस्तु अस्सल म्हणून दिवाणखान्यांत मांडण्याची हौस आमची! जामखेड तालुक्यांतील खर्डा, जेथें 1795 मध्यें मराठ्यांनीं निजामाला नमविलें, तो इंग्रजी इतिहासग्रंथांत 'कुर्डला' झाला. जामखेडच्याच मुलानें ते ग्रंथ उघडले, तर आपल्या तालुक्यांतला किल्ला त्याला नकाशावर शोधीत बसावें लागेल.

याच जिल्ह्यांत, राहुरीकडे, देवळाली प्रवरा म्हणून दुसरी देवळाली आहे. तेथील शेतकऱ्याच्या तोंडीं 'ळ' अजून शाबूत आहे. त्याच्या नातवानें इंग्रजी शाळेंतून काय आणिलें, तें तेवढें एकदां ऐकून यावें.