दातांवरून अख्खा शार्क

टायकोडस या नामशेष शार्कला लुई अगासी यांनी १८३०च्या दशकात नाव दिले, ते दातांवरून. पाट्यासारखे पसरट दात, त्यांवर समांतर उंचवटे. कवचे फोडून खाणारा प्राणी, हा तर्क रास्तच होता. पण पुढे कवचे फोडतो म्हणजे समुद्रतळाशी राहतो, तळाशी राहतो म्हणजे संथ असणार, अशी अंदाजांची चळत रचली गेली. २०२४ मध्ये मेक्सिकोतील व्हायेसियोच्या चुनखडीत सापडलेल्या संपूर्ण जीवाश्मांचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि समोर आला निमुळत्या अंगाचा, खुल्या पाण्यात वेगाने पोहणारा, ग्रेट व्हाइट शार्कच्याच गणातला मासा!

दोष दातांचा नाही. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा कुजतो. कठीण दात मात्र आयुष्यभर हजारोंनी गळतात आणि टिकतात. अंदाजच बांधायचे नाहीत तर विज्ञान पुढे कसे सरकणार, हा आक्षेप योग्य आहे. अंदाज जरूर बांधावेत. माझी तक्रार आहे ती अंदाज ठाम चित्र होऊन छापला जातो, त्याबद्दल. मेगालोडॉन या नामशेष महाकाय शार्कचाही एकही पूर्ण सांगाडा हाती नाही. त्याची लांबी कुणी १५ मीटर सांगतो, कुणी २४. मथळ्यात मात्र मोठा आकडाच चढतो. कमाल-किमान दोन्ही आकडे दिले तर वाचक गोंधळेल, असे म्हणणाऱ्यांनी हवामान खात्याचा पावसाचा अंदाज आठवावा. ‘चार टक्के कमी-अधिक’ हे आपण दरवर्षी बिनतक्रार वाचतोच की.