डहाणू खरंच ग्रीकांचं गाव होतं का?

वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली. तेव्हापासून डहाणू बातम्यांत आहे. या किनाऱ्याच्या प्राचीन व्यापाराबद्दल एक दावाही जुनाच आहे: डहाणूत ग्रीक राहत होते.

त्याचं मूळ कार्ल्याच्या लेण्यात आहे. तिथले काही खांब 'धेनुकाकटाच्या यवनांनी' दान केले, असं त्यांवरच कोरलंय. धेनुकाकट म्हणजे डहाणू, असं काही अभ्यासकांनी सुचवलं. यवन म्हणजे ग्रीक. झालं, साखळी जुळली!

पण ती कच्ची आहे. दा. ध. कोसंबींनी धेनुकाकट कार्ल्याजवळच असल्याचं मांडलं, तर काहींनी ते थेट आंध्रातल्या धरणीकोटाशी जोडलं. शिवाय या यवनांची नावं पाहा: सिहधय म्हणजे सिंहध्वज, यसवधन म्हणजे यशोवर्धन. पूर्वी 'यवन' शब्द दिसला की ग्रीक वसाहत गृहीत धरली जायची. आता अभ्यासक सावध आहेत. हे लोक पश्चिमेकडून आलेले असतील किंवा इथेच मुरलेले.

डहाणूचा भक्कम पुरावा आहे नाशिकच्या पांडवलेण्यांत. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात यानं ज्या नद्यांवर मोफत होड्या ठेवल्या, त्यांत तापी, दमण यांच्याबरोबर 'दाहनुका' आहे. दोन्ही काठांवर धर्मशाळा आणि पाणपोयाही बांधल्या. म्हणजे डहाणूची नदी तेव्हा वाहत्या रस्त्यावर होती. त्यात ग्रीकांचा उल्लेख मात्र नाही.

ग्रीक बाजूनं 'पेरिप्लस' हे व्यापाऱ्यांसाठीचं मार्गदर्शक पुस्तक आहे. त्यात भडोच, सोपारा, कल्याण आहेत, डहाणू नाही. कल्याणला आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाऊ शकतं, अशी सूचना आहे. ती जहाजं जाणार ती याच किनाऱ्यासमोरून.

खरी गंमत पुढे आहे. या पुस्तकाच्या हस्तलिखितात भडोचकडच्या राजाचं नाव बिघडलेलं आहे. ते नहपानाचं असावं, हे कळलं इथल्या शिलालेखांमुळे आणि नाण्यांमुळे. नहपानाच्या लेखांतली 41 ते 46 ही वर्षं शक संवताची धरली तर इ.स. 119 ते 124 येतात. पण पेरिप्लस आज पहिल्या शतकाच्या मध्यातलं मानलं जातं, त्यामुळे नहपानालाही बरेच जण मागे नेतात. ग्रीक पुस्तकाची उकल नाशिकच्या दगडाशिवाय होत नाही, आणि दगडाची पुस्तकाशिवाय.

डहाणूचा प्रश्न सोडवायला नावातलं साम्य पुरणार नाही. मातीतली खापरं, नाणी हवीत. बंदराच्या रस्त्यांसाठी आणि रेल्वेसाठी खोदकाम होण्याआधी खाडीकाठची पुरातत्त्वीय पाहणी व्हायला हवी, ती यासाठीच.