धूर, धुकें आणि अग्नि

आमच्या धाकट्या बंधूंस गेलीं अकरा वर्षें मधुमेह आहे. गेल्या आषाढांत आमच्या पुतण्यानें हौसेनें त्यांच्या मलाची परीक्षा करविली. ‘अकरमॅन्सिया’ नांवाचा हितकर जंतु त्यांच्या आंतड्यांत विपुल आहे, असें अहवालांत लिहून आलें. तेवढ्यावरून बंधूंनीं मेटफॉर्मिनच्या गोळ्या कोनाड्यांत ठेवून दिल्या, आणि घरांत कोणास सांगितलेंहि नाहीं!

हा जंतु २००४ सालीं हॉलंडांतील वागेनिंगेन येथें प्रथम ओळखला गेला. आंतड्याच्या अस्तरावर श्लेष्म्याचा जो थर असतो त्यावर तो उपजीविका करितो. स्थूल व मधुमेही मनुष्यांत तो बहुधा कमी आढळतो. २०१६ सालीं पॅरिस येथील ४९ स्थूल व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत ज्यांच्या ठायीं तो अधिक होता, त्यांची उपाशीपोटींची रक्तशर्करा कमी होती. बेल्जममध्यें ३२ जणांवर तीन महिने केलेला प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत उष्णता देऊन मारलेला जंतु जिवंतापेक्षां अधिक गुणकारी ठरला, याचें आम्हांस मोठें नवल वाटलें.

तथापि हा जंतु आरोग्याचें लिंग आहे, म्हणजे खूण आहे. आणि न्यायशास्त्र शिकतांना आम्हांस पहिलाच इशारा मिळाला होता कीं, धुक्यास धूर समजून डोंगरावर अग्नि शोधूं नये. मलावरोध असणारांतहि हा जंतु अधिक सांपडतो. कंपवाताच्या रोग्यांतहि तो वाढलेला आढळला आहे. उंदरांच्या आहारांतून तंतुमय भाग अजीबात काढून टाकला, तेव्हां श्लेष्म्यावर जगणारे असे जंतु वाढले आणि तो संरक्षक थरच पातळ झाला. आणखी मौज अशी कीं, मेटफॉर्मिन घेणारांतहि तो अधिक दिसतो. म्हणजे बंधूंनीं जी गोळी टाकिली, तिचाच तो प्रसाद असण्याचा संभव!

भाद्रपदांत त्यांस रात्रीं चार-चार वेळां लघवीस उठावें लागूं लागलें, तेव्हां भावजयीनें कोनाडा धुंडाळला. उपाशीपोटीं शर्करा २४० भरली. डॉक्टरांनीं अहवाल न वाचतांच बाजूस सारला व पूर्वीच्या गोळ्या पुनः सुरू केल्या. हल्लीं भावजय त्या मिठाबरोबर पानांतच वाढते. अहवाल मात्र बंधूंनीं अद्यापि पेटींत जपून ठेविला आहे.