हप्ता परवडतो, गाडी परवडते का?

दसऱ्याच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनाचा सोहळा पाहण्यासाठी जमलेल्या गर्दीची नजर एका वाहनाकडे हमखास वळते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील ती मेबॅक मोटार. १९४९ साली संस्थान विलीन झाले, तरी ती मोटार जपली गेली आणि आजही मानाने चौकात येते. वैभव हा राजपदाचा एक भागच होता. त्यामुळे त्या मोटारीचे कौतुक करण्यात काहीच गैर नाही.

प्रश्न आहे तो त्याच मुहूर्तावर शोरूममधून बाहेर पडणाऱ्या आपल्या गाड्यांचा. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, अंबाबाईच्या नावाने फोडलेला नारळ आणि मोठ्या आकाराची चावी हातात धरून काढलेले छायाचित्र! आनंदाला आमची हरकत नाही. हौस हा तर कोल्हापूरकरांचा स्वभावच आहे. परंतु त्या छायाचित्रात न दिसणारी एक गोष्ट पुढील सात वर्षे त्या घरात मुक्कामाला येणार असते. ती म्हणजे कर्जाचा हप्ता.

पूर्वी घरात मोठी खरेदी ठरली की वडीलधारी माणसे पहिला प्रश्न विचारीत, “किंमत किती?” आज शोरूममधला विक्रेता विचारतो, “महिना किती हप्ता जमेल?” वरवर पाहता हा साधाच बदल आहे; पण मध्यमवर्गाची सारी फसगत त्यातच आहे. हप्ता कमी दिसावा म्हणून मुदत वाढवायची आणि मुदत वाढली की वरचे मॉडेल ‘परवडते’ असे सांगायचे, हा तो खेळ!

थोडा हिशेब मांडू. सर्व खर्च धरून दहा लाखांची गाडी घेतली. दोन लाख पदरचे आणि आठ लाख कर्ज. व्याज नऊ टक्के. सात वर्षांच्या मुदतीत हप्ता येतो सुमारे १२,८७० रुपये आणि एकूण व्याज जाते दोन लाख ८१ हजार. हेच कर्ज पाच वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे १६,६०० होतो, पण व्याज एक लाख ९६ हजारांवर थांबते. म्हणजे हप्ता हलका करून घेण्याची किंमत ८५ हजार रुपये!

हप्त्याने खर्च संपत नाही. वर्षाला दहा हजार किलोमीटर धाव, लिटरला १६ किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरले, तर इंधनाचेच ६५ हजार होतात. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांचे पंचवीस-तीस हजार धरा. महिन्याचा एकूण भार साडेवीस हजारांवर जातो. ज्या घरात महिना ऐंशी हजार येतात, तेथे मिळकतीचा चौथा हिस्सा दारात उभा राहतो! आणि ज्यासाठी हे सारे केले, तिचे मोल काय उरते? विम्याच्या घसाऱ्याच्या प्रचलित तक्त्यानुसार तिसरे वर्ष संपता गाडीची किंमत तीस टक्क्यांनी आणि पाचवे वर्ष संपता निम्म्याने उतरलेली असते. कर्जाची मात्र आणखी दोन वर्षे शिल्लक!

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला. लहान पेट्रोल गाडीवर त्याआधी उपकरासह २९ टक्के कर होता. सहा लाखांच्या गाडीवर यामुळे सुमारे ५१ हजार रुपये वाचतात. हे पैसे घरात राहिले तर करकपातीचा लाभ कुटुंबाला झाला. तेच छताच्या खिडकीवर आणि मोठ्या पडद्यावर उधळले, तर लाभ झाला कोणाचा?

यावर काही जण म्हणतील, “गाडी ही आता चैन नव्हे, गरज आहे.” मान्य! कोल्हापूरच्या धुवाधार पावसात वृद्ध आईवडिलांना दवाखान्यात न्यायचे, लहान मुलांना घेऊन जोतिबाच्या डोंगरावर जायचे, तर चारचाकी हवीच. सुरक्षिततेत काटकसर करावी असेही आम्ही म्हणणार नाही. २०२३ पासून भारतातच ‘भारत एनकॅप’ची चाचणी होते, तिचे तारे जरूर पाहावेत. पण गरज चार चाकांची असते, शेजाऱ्याच्या डोळ्यांची नसते. ज्या शहराचे क्षेत्रच जेमतेम ६७ चौरस किलोमीटर आहे आणि जेथील पेठांच्या बोळांत लहान गाडी वळवतानाही घाम फुटतो, तेथे अवाढव्य गाडी रोजच्या कोणत्या गरजेसाठी?

या प्रतिष्ठेच्या हव्यासाचे सर्वांत हिडीस रूप लग्नमंडपात दिसते. जावयाच्या हाती गाडीची चावी देणे म्हणजे ‘प्रेमाची भेट’ म्हणे! हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. मे २०२५ मध्ये पुणे परिसरातील एका विवाहितेच्या मृत्यूनंतर लग्नात दिलेल्या महागड्या मोटारीची चर्चा साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. चार दिवस हळहळून आपण विसरलो. गाडीच्या आकारावरून माणसाची पत ठरवण्याची सवय जोवर आपल्या घरात आहे, तोवर या पापाचा काही अंश आपल्याही माथी आहे.

मग खर्च करावा तरी किती? अमेरिकेत एक सूत्र सांगतात: वीस टक्के रोख, चार वर्षांची मुदत आणि वाहनाचा सारा खर्च मिळकतीच्या दहा टक्क्यांत. आपल्याकडे मिळकतीच्या मानाने इंधन महाग, म्हणून दहा टक्क्यांचा आग्रह धरता येत नाही. पण इंधन, विमा आणि हप्ता मिळून मिळकतीच्या सहाव्या हिश्शाच्या वर जाऊ नये आणि मुदत चार वर्षांहून अधिक नसावी, एवढी मर्यादा तरी पाळता येईल. वरच्याच घराला हे लावून पाहा. ऐंशी हजारांचा सहावा हिस्सा तेरा हजार. इतर खर्च वजा जाता हप्त्याला उरतात साडेपाच हजार. त्यातून सव्वादोन लाखांच्या आसपास कर्ज फिटते. पदरचे तीन लाख घातले, तर सव्वापाच लाखांत साधी नवी गाडी किंवा नीट राखलेली चार-पाच वर्षांची जुनी गाडी दारात येते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे शहाणपण आपल्याला कोणाकडून उसने आणावयाचे नाही. ते आजीच्या तोंडी होतेच.

राहिलेले सातआठ हजार दरमहा मुलीच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी, अडल्यानडल्या नातलगासाठी शिल्लक राहतील. याच करवीरनगरीत राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली, राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. पैसा कोठे घातला म्हणजे तो पिढ्यान् पिढ्या उपयोगी पडतो, हे या राजाला कळत होते. आणि हा राजा ‘खडखडा’ नावाच्या घोडागाडीतून रयतेत हिंडत असे. त्या गाडीच्या खडखडाटाने त्यांची प्रतिष्ठा तसूभरही उणावली नाही.

येत्या मुहूर्तावर शोरूमची पायरी चढण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून कागदावर हा हिशेब मांडावा. आकडा आधी घरात ठरवावा आणि मगच शोरूममध्ये पाऊल टाकावे. गाडी आपल्याला वाहून नेण्यासाठी घ्यावयाची असते. आपण तिला वाहण्यासाठी नव्हे!