तापात काळी खपली शोधा

पावसाळा सरताना अमरावती-अकोल्यात ताप आला की डेंग्यू, मलेरियाच आठवतो. पण २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसनेही बळी घेतले. गोचिडाच्याच गोतावळ्यातल्या चिगर माइटच्या अळ्या गवतात, झुडपांत असतात. त्या सहज दिसत नाहीत, चावाही दुखत नाही. काखेत, जांघेत, कमरेला काळी खपली उमटू शकते. ती नसली म्हणजे आजार नाही, असे मात्र नव्हे. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेत मिळाले तर रुग्ण सहसा बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदूवर बेतते. निंदणाला जाताना पूर्ण बाह्या आणि बूट घालावेत, घरी येताच अंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाकावेत. डॉक्टरांनीही तापाच्या रुग्णाचे अंग तपासल्याशिवाय चिठ्ठी लिहू नये.