ना शेंडा, ना बुडखा : स्टीफन चाऊचे खरे उत्तम सिनेमे

मंडळाच्या सिनेमा-संध्याकाळसाठी या वेळी हाँगकाँगचा सिनेमा लावायचं ठरलं. स्टीफन चाऊचं नाव निघालं आणि सगळ्यांच्या तोंडून एकच सिनेमा आला : ‘कुंग फू हसल’. हात वर करायला सांगितले, तर मी सोडून सगळ्यांचे वर. तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितो. माझं म्हणणं एवढंच, की ‘कुंग फू हसल’ (2004) हा चाऊचा सर्वांत सोपा सिनेमा आहे, सर्वांत चांगला नाही.

आपण बहुतेकांनी तो टीव्हीवर हिंदी डबिंगमध्ये पाहिलाय. केसांना कर्लर लावलेली, तोंडात सिगारेट धरून आख्ख्या चाळीवर खेकसणारी घरमालकीण कोण विसरेल? पण आठवून बघा, आपण हसलो कशाला? धावण्याला, पडण्याला, मारामारीला. म्हणजे ज्याला भाषा लागत नाही अशा गोष्टींना. ‘शाओलिन सॉकर’चंही (2001) तेच. हे दोन सिनेमे जगभर गेले, कारण त्यांतला विनोद शरीराचा आहे. त्याआधीची दहा-अकरा वर्षं हाँगकाँग ज्या चाऊवर जीव टाकत होतं, तो मात्र बोलणारा चाऊ होता.

चाऊचा जन्म 1962 चा, हाँगकाँगचा. सुरुवात टीव्हीवर, लहान मुलांच्या कार्यक्रमाचा निवेदक म्हणून. मधेच मालिकांत किरकोळ कामं. 1990 साली ‘ऑल फॉर द विनर’ आला आणि त्यानं तिथले कमाईचे विक्रम मोडले. गंमत म्हणजे हा सिनेमा आदल्याच वर्षी गाजलेल्या ‘गॉड ऑफ गॅम्ब्लर्स’ची चक्क टिंगल होती. 1992 साली तर हाँगकाँगमध्ये सर्वाधिक कमाई करणारे पहिले पाचही सिनेमे चाऊचे होते. पाचही!

या विनोदाला कॅन्टोनीजमध्ये ‘मो लेई ताऊ’ म्हणतात. आपल्याकडे त्याला आयता शब्द आहे : ना शेंडा, ना बुडखा. गंभीर प्रसंगात मधेच भलतंच वाक्य येतं. शब्दावर शब्दाची कोटी होते. पुस्तकी भाषा बोलता बोलता माणूस बाजारी बोलीवर घसरतो. कॅन्टोनीजमध्ये सूर बदलला की अर्थ बदलतो, त्यामुळे कोटीला वावही भरपूर. सबटायटलमध्ये यातलं निम्मं गळून पडतं. चीनच्या मुख्य भूमीवर आणि तैवानमध्ये हे सिनेमे मँडरिनमध्ये डब होऊन गेले. तिथल्या लाखो लोकांना चाऊचं हसणं म्हणजे शी बान-यू या डबिंग कलाकाराचं हसणं वाटतं.

हैदराबादेत वाढलेल्या मराठी पोरांना हे वेगळं समजवायला नको. घरी मराठी, गल्लीत दखनी. ‘नक्को’चा मूळ ‘नको’ आपलाच, तरी गल्लीतला जोक आजीला सांगावा तर ती नुसती बघत राहते. पुण्याचा चुलतभाऊ ‘द अंग्रेज’ बघताना विचारतो, “यात हसण्यासारखं काय आहे?” काय सांगणार? समजावून सांगितला की जोक मेलाच.

मग भाषा न येणाऱ्यानं चाऊचं काय बघावं? माझे तीन.

तिसरा, ‘द गॉड ऑफ कुकरी’ (1996). एक गर्विष्ठ, लबाड नामांकित आचारी सगळं गमावून रस्त्यावर येतो आणि टेम्पल स्ट्रीटच्या फेरीवाल्यांत राहून पुन्हा उभा राहतो. शेवटच्या मोठ्या स्पर्धेत तो काय रांधतो? भात, भाजलेलं डुकराचं मांस आणि अंडं. साधं ताट, जे एका बाईनं त्याला भुकेच्या वेळी वाढलं होतं. हसता हसता घास अडकतो.

दुसरा, ‘अ चायनीज ओडिसी’ (1995), दोन्ही भाग. दिग्दर्शक जेफ्री लाऊ. चीनच्या जुन्या ‘पश्चिमेची यात्रा’ कादंबरीतल्या वानरराजाची ही उलटीपालटी गोष्ट. डोक्याला सोन्याचं कडं घातलं की शक्ती मिळते, पण प्रेम सोडावं लागतं. जिला वाचवायला कडं घालायचं, तिचीच आठवण आली की ते आवळतं. हा सिनेमा आला तेव्हा फारसा चालला नाही. पुढे चीनमधल्या कॉलेजच्या पोरांनी तो व्हीसीडीवर आणि इंटरनेटवर शोधून काढला, डोक्यावर घेतला. आपल्यासारख्याच पोरांनी.

आणि पहिला, ‘किंग ऑफ कॉमेडी’ (1999). नाव विनोदाचं, गोष्ट एका एक्स्ट्राची. हा माणूस स्तानिस्लावस्कीचं अभिनयावरचं पुस्तक वाचतो, सेटवर त्याला जेवणाच्या डब्यासाठीही अपमान गिळावा लागतो आणि डबा नाकारणारा असतो चाऊचा नेहमीचा जोडीदार एन्ग मान-टाट. गोळी लागून मरायचं एवढंच काम, तर हा मरतच नाही, मरण्याचा अभिनय लांबवत बसतो आणि शॉट वाया घालवतो. हे हवेतलं नाही. 1983 च्या एका मालिकेत किरकोळ सैनिक असताना चाऊनं म्हणे विनवणी केली होती : मला एका फटक्यात नको, दोन फटक्यांत मारा. खिशात दमडी नसताना हा एक्स्ट्रा एका बारमधल्या मुलीला मागून ओरडून सांगतो, मी तुला पोसेन. ती हसण्यावारी नेते, पुढे निघून जाते आणि टॅक्सीत बसून रडते. इथे सबटायटल नसलं तरी चालतं. विनोद भाषेतच राहतो, पण अपमान आणि आशा सगळ्यांना कळते.

यावर कुणी म्हणेल, तुला तरी कुठे कॅन्टोनीज येतं? नाही येत. चाऊचं निम्मं माझ्या हातून निसटलंय, हे कबूल. पण निसटलंय हे माहीत असणं आणि काही निसटलंच नाही असं समजणं, यांत फरक आहे. भाषेच्या मंडळात बसून आपण दुसरी गोष्ट करू नये.

अजून एक. 1970 च्या सुमारास हाँगकाँगमध्येच कॅन्टोनीज सिनेमे जवळजवळ बंद पडले होते, पडद्यावर सगळी मँडरिन. 1973 साली ‘द हाउस ऑफ 72 टेनन्ट्स’ हा चाळीतल्या भाडेकरूंचा विनोदी सिनेमा आला आणि हाँगकाँगात त्यानं ब्रूस लीच्या ‘एंटर द ड्रॅगन’पेक्षा जास्त कमाई केली. कॅन्टोनीज परत आली ती हसत. ‘कुंग फू हसल’ची चाळ आणि ती खाष्ट मालकीण थेट तिथूनच आलीय. म्हणजे ज्या सिनेमाला मी सोपा म्हणतो, त्यालाही आपल्या भाषेचं ऋण ठाऊक आहे. आपण बघताना ते कुणी सांगितलं नाही, एवढंच.

तर माझा प्रस्ताव असा : या वेळी ‘किंग ऑफ कॉमेडी’ लावूया, मूळ आवाजात, सबटायटलसह. सुरुवातीला दहा मिनिटं मी बोलतो. आवडला नाही, तर पुढच्या वेळी ‘कुंग फू हसल’ लावा. चहा माझ्याकडून.