मेंदूतली लावणी

नॉटिंगहॅमहून बर्मिंगहॅमला जायला रेल्वेने साधारण सव्वा तास लागतो. बर्मिंगहॅमला चिकटूनच स्मेदिक नावाचं गाव आहे. आपल्या देशी मंडळींना ते माहीत असतं ते तिथल्या गुरुद्वारामुळे. पण १९८८ साली हे गाव वेगळ्याच कारणाने ब्रिटनभर गाजलं. इथल्या 'मिडलँड सेंटर फॉर न्यूरोसर्जरी अँड न्यूरॉलॉजी'मध्ये एडवर्ड हिचकॉक नावाच्या सर्जनने पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत चक्क गर्भाच्या मेंदूतली ऊती (म्हणजे टिश्यू) बसवली. ही ऊती गर्भपातातून मिळालेली होती. मग काय, वर्तमानपत्रांत एकच गदारोळ!

तो गदारोळ आणि त्यातून जे निघालं ते आपल्याकडच्या लोकांनी समजून घ्यावं असं मला वाटतं. का, ते शेवटी सांगतो.

आधी एक साधा प्रश्न. गर्भाचीच ऊती कशाला? मोठ्या माणसाच्या मेंदूतला तुकडा का नाही? याचं उत्तर कोकणातला कुठलाही शेतकरी देईल. भाताची लावणी (ढोलकीवरची नव्हे!) करताना रोप कोवळं असताना उपटतात आणि चिखलात लावतात. रोप एकदा जून झालं की ते नीट धरत नाही, फुटवे कमी येतात. मेंदूच्या पेशींचंही तसंच आहे. प्रौढ पेशींचे तंतू लांबवर पसरलेले असतात, काढताना ते तुटतात आणि पेशी मरते. कोवळ्या पेशीला अजून तंतू फुटायचे असतात. ती नव्या जागी तग धरते, तंतू काढते आणि शेजाऱ्यांशी जोडणी करते. पार्किन्सन्ससाठी गर्भ साधारण सहा ते नऊ आठवड्यांचा असावा लागतो. त्याच्या आगेमागे रोप धरत नाही.

हे शास्त्रज्ञांना एका दिवसात कळलं नाही. १८९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये थॉम्प्सन यांनी मांजराच्या मेंदूचा तुकडा कुत्र्याच्या मेंदूत बसवून पाहिला. अर्थात तो जगला नाही. १९१७ मध्ये एलिझाबेथ डन यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यातली मोजकीच कलमं टिकली. १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या ले ग्रोस क्लार्क यांनी सशाच्या गर्भातली ऊती नवजात सशात बसवली आणि ती तिथे वाढली. पण कलम जगणं वेगळं आणि त्याची वायरिंग जुळणं वेगळं. आम्हा इंजिनिअर लोकांना हा फरक लगेच कळतो. बोर्डवर चिप बसली म्हणजे सर्किट चाललं असं होत नाही.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग रेमंड लुंड यांचा आहे. त्यांच्या गटाने उंदराच्या गर्भातला डोळ्याचा पडदा नवजात पिल्लाच्या मेंदूत बसवला. पिल्लू मोठं झाल्यावर मेंदूतल्या त्या पडद्यावर उजेड टाकला, आणि उंदराच्या स्वतःच्या डोळ्यातली बाहुली आकसली! हे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे परक्या ऊतीने नुसतं बस्तान बसवलं नव्हतं, योग्य ठिकाणी तार जोडून निरोपही पोचवला होता. मेंदू जोडण्या कशा करतो हे शिकायला याहून सुंदर पद्धत मला तरी माहीत नाही.

पार्किन्सन्सकडे लक्ष गेलं कारण तिथे हिशोब सोपा वाटत होता. मेंदूच्या एका लहानशा भागातल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी मरतात, मग तिथे नव्या लावा. १९७९ मध्ये स्वीडन आणि अमेरिकेतल्या गटांनी उंदरांत हे करून दाखवलं. १९८७ पासून स्वीडनच्या लुंड शहरात माणसांवर सुरुवात झाली (शहराचं नाव आणि वरच्या शास्त्रज्ञाचं नाव एकच, हा निव्वळ योगायोग). पाठोपाठ स्मेदिक.

आता मूळ मुद्दा. गदारोळ झाल्यावर ब्रिटिश सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष होते जॉन पोल्किंगहॉर्न. हा गृहस्थ आधी केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता आणि नंतर धर्मगुरू झाला! १९८९ मध्ये समितीने अहवाल दिला. त्याचा गाभा साधा होता. गर्भपाताचा निर्णय आणि ऊती वापरण्याचा निर्णय यांची गाठ पडता कामा नये. ऊतीसाठी पैसे द्यायचे नाहीत. 'माझ्या वडिलांसाठी वापरा' असं त्या स्त्रीने सांगायचं नाही. आणि प्रत्येक प्रयोग आधी नैतिकता समितीपुढे गेला पाहिजे. कुणाला हे आवडलं, कुणाला नाही. पण भांडण झालं ते उघड्यावर, आणि नियम झाले ते लेखी.

पुढे काय झालं? २००१ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल आला. ४० रुग्णांपैकी निम्म्यांच्या कवटीला नुसती भोकं पाडली, आत काहीच घातलं नाही. कुणाला खरं मिळालं हे रुग्णाला माहीत नाही. ऐकायला क्रूर वाटतं, नाही? पण त्यातूनच कळलं की साठीच्या आतल्यांना थोडा फायदा होतो, त्यापुढच्यांना नाही, आणि काहींच्या अंगाला आवरता न येणारे झटके सुरू होतात. त्याहून डोळे उघडणारी गोष्ट २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याला खरी ऊती मिळाली असं ज्यांना वाटत होतं, त्यांनी आपलं जगणं सुधारल्याचं सांगितलं. मग ऊती मिळालेली असो वा नसो!

दुसरीकडे, १९९० च्या दशकात कलम केलेले दोन रुग्ण पंधरा-अठरा वर्षांनीही पार्किन्सन्सच्या गोळ्यांशिवाय ठीक होते, असं २०१४ मध्ये नोंदवलं गेलं. आणि काहींच्या बाबतीत दहा-पंधरा वर्षांनी आजाराच्या खुणा नव्या पेशींतही दिसल्या, हे २००८ मध्ये कळलं. म्हणजे 'भंपकपणा' म्हणून मोडीतही काढता येत नाही आणि 'रामबाण' म्हणताही येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. दर दोन-चार महिन्यांनी मला कुणीतरी ओळखीचं विचारतं. वडिलांना कंपवात आहे, 'स्टेम सेल'वाले बोलावतायत, काही लाख लागतील, जमिनीचा तुकडा विकू का? सोबत बरं झालेल्या रुग्णाचा व्हिडिओ असतो. अशा वेळी मला तो २००४ चा निकाल आठवतो. त्या व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नसेल. त्याला खरंच बरं वाटत असेल. पण बरं वाटणं आणि पेशींनी तार जोडणं यात केवढं अंतर आहे, ते भोकं पाडलेल्या त्या वीस जणांनी दाखवून दिलं.

नियम आपल्याकडेही आहेत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताशी संबंधित काही आजारांसाठीचं मूलपेशींचं रोपण सोडलं, तर बाकी सगळं प्रयोगात मोडतं. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की प्रयोग असेल तर त्याचे पैसे रुग्णाने मोजायचे नसतात. पैसे घेतले की तो प्रयोग राहत नाही, विक्री होते. मग निकाल नोंदवायची गरज कुणालाच उरत नाही, आणि पुढच्या रुग्णाला त्यातून काहीच शिकायला मिळत नाही.

यावर 'तुम्हाला तिकडे बसून सांगायला काय जातंय?' असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. हातातला कप हिंदकळणारे वडील रोज समोर असले की धीर सुटतो. पण इथेही लोक वाटच पाहतायत. केंब्रिज आणि स्वीडनच्या ट्रान्सयुरो चाचणीत पुरेशी ऊती वेळेवर न मिळाल्याने कितीतरी शस्त्रक्रिया ऐनवेळी रद्द झाल्या. शेवटी ११ जणांवरच कलम झालं. म्हणूनच आता प्रयोगशाळेत मूलपेशींपासून ही रोपं तयार करतात, अगदी भाताच्या रोपवाटिकेसारखी. स्वीडन आणि केंब्रिजच्या नव्या चाचणीतला पहिला रुग्ण २०२३ मध्ये झाला. जपानच्या क्योटोमधल्या सात रुग्णांचा निकाल २०२५ मध्ये आला, आणि सुरक्षिततेच्या बाबतीत तो आश्वासक आहे.

तेव्हा कुणी बोलावलं तर तीन गोष्टी विचारा. चाचणीची सरकारी नोंदणी कुठे आहे? नैतिकता समितीचं पत्र दाखवाल का? आणि पैसे का घेताय? तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर आलं नाही, तर जमीन विकू नका. त्या पैशात चांगला न्यूरॉलॉजिस्ट, वेळच्या वेळी गोळ्या, फिजिओथेरपी आणि घरात मदतीला एक माणूस, हे कितीतरी वर्षं चालेल.